खुडूक कोंबडीच्या बाजूने

परसात देशी कोंबड्या पाळणाऱ्याला आज मिळणारा सल्ला साधारण असा असतो. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, त्यातली निम्मी उबवण्यात घालवते आणि खुडूक झाली की दोन-अडीच महिने अंड्यांचं नाव काढत नाही. तेव्हा तिला निरोप द्या आणि सुधारित पक्ष्यांची एक दिवसाची पिल्लं विकत आणा. कोंबडी खुडूक झालीच तर पाण्यात बुचकळा, नाकात पीस घाला, पण बसू देऊ नका. शुद्ध जात राखणं हे सरकारी प्रक्षेत्रांचं आणि शास्त्रज्ञांचं काम आहे. चार कोंबड्यांच्या घरात वंश राखायला गेलात तर जवळच्या रक्तसंबंधाने तो दोन-तीन पिढ्यांत खचेल. शिवाय रोगराई पसरते ती परसातूनच.

प्रशिक्षण वर्गांतून आणि बचत गटांच्या बैठकांतून हे सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. गरीब घरात चार पैसे जास्त यावेत, मुलांच्या ताटात अंडं पडावं, असंच त्यांना वाटत असतं. त्यांची काही विधानं खरीही आहेत. पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो गावोगाव अमलात आला तर जे हातचं जाईल ते पुन्हा कुठल्याही बाजारात मिळणार नाही. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं भाग आहे.

प्रत्येक गावरान कोंबडी शुद्ध जातीची असते असा माझा दावा नाही. गावोगावच्या बहुतेक कोंबड्या आता सरमिसळ झालेल्या आहेत. मी बोलतो आहे ते अजून ओळख टिकवून असलेल्या देशी जातींबद्दल, आणि त्यातही महाराष्ट्राने आपली म्हणावी अशा बुसरा जातीबद्दल. नंदुरबार जिल्ह्याचा नवापूर तालुका आणि त्याला लागून असलेला गुजरातचा आदिवासी पट्टा हे बुसऱ्याचं घर. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत असीलच्या आणि कडकनाथच्या बरोबरीने तिची नोंद आहे. अंगाने लहानखुरी, वजन किलोच्या आसपास. पिसारा बहुधा पांढरा; मान, पाठ आणि शेपटीवर काळी पिसं, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस छटा. वर्षाला अंडी पन्नासच्या मागेपुढे. ही जात कुणा कंपनीने घडवलेली नाही. त्या भागातल्या आदिवासी घरांनी, मुख्यतः बायांनी, पिढ्यान्‌पिढ्या कुठली कोंबडी बसवायची आणि कुठला कोंबडा ठेवायचा हे ठरवत ती घडवली.

पहिला आक्षेप अंड्यांच्या संख्येचा. पिंजऱ्यातली लेअर वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते, बुसरा पन्नास. आकडे बरोबर आहेत, तुलना मात्र अर्धवट आहे. लेअर रोज सुमारे 110 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला चाळीस किलो, आणि ते मका-सोयाबीनचं तयार खाद्य विकतच घ्यावं लागतं. बुसरा सांडलेलं धान्य, वाळवी, किडे, कोवळा पाला आणि घरातल्या कण्या-कोंड्यावर जगते. लेअर ऐंशी-नव्वद आठवड्यांनी विकली जाते आणि तिच्या जागी येणारं पिल्लू पुन्हा विकतच आणावं लागतं. बुसरा स्वतःची जागा स्वतः भरून काढते.

उबवलेली अंडी वाया गेली असं म्हणणाऱ्यांनी पुढचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एक कोंबडी वर्षात दोनदा बारा-बारा अंड्यांवर बसली. चोवीस अंड्यांतून सोळा पिल्लं निघाली आणि घार, मुंगूस, आजार यांतून निम्मीच वाचली. तरीही वर्षाकाठी आठ वाढलेले पक्षी हाती लागतात, आणि वर पंचवीसेक अंडी खायला किंवा विकायला उरतात. चोवीस अंड्यांचे पैसे आणि आठ गावरान पक्ष्यांचे पैसे कुठल्याही आठवडी बाजारात ताडून पाहावेत. गावच्या घरात कोंबडी ही अडीनडीची शिल्लक असते. शाळेची फी, दवाखाना, पाहुणा, देवाचा नवस, अशा वेळी तीच उपयोगी पडते. त्या शिल्लकेत भर पडते ती खुडूक कोंबडीमुळे.

आता सुधारित पक्ष्यांकडे वळू. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेला वनराज किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा गिरिराज यांना मी नावं ठेवणार नाही. चांगली निगा असेल तर वनराजाची मादी गावरानच्या दुप्पट अंडी देते, आणि नर लवकर भरतो. ज्याला वर्षभर पिल्लं विकत घेऊन वाढवायची आहेत त्याने ते पक्षी खुशाल पाळावेत. पण हे पक्षी संकरित आहेत हे सांगायचं टाळलं जातं. हायब्रिड बियाण्याचं दुसऱ्या वर्षी जे होतं तेच यांचंही होतं. पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही, संकराचा जोम ओसरतो आणि गुण विखुरतात. मादी क्वचितच खुडूक होते, त्यामुळे घरच्या घरी पिल्लं निघत नाहीत. वर या संकराचा वजनदार कोंबडा वस्तीभर मोकळा हिंडतो, तेव्हा शेजारच्या बुसऱ्याच्या अंड्यांतूनही त्याचीच पिल्लं निघू लागतात. एका घराने घेतलेल्या अनुदानाच्या पिल्लांची किंमत सगळ्या पाड्याचा वंश मोजतो, आणि योजनेच्या हिशेबात ही किंमत कुठेच धरलेली नसते.

शुद्ध वंश निरुपयोगी असता तर कुक्कुट उद्योगाने तो केव्हाच टाकून दिला असता. प्रत्यक्षात या उद्योगाचा सगळा डोलारा शुद्ध वंशांवर उभा आहे. बाजारातली लेअर किंवा ब्रॉयलर साधारणपणे चार वेगळ्या वंशांच्या संकरातून येते. त्या मूळ वंशांचे आजे-पणजे पैदासकार कंपन्या कडेकोट बंदोबस्तात, वेगवेगळ्या जागी, माणसांचीही ये-जा रोखून सांभाळतात आणि कुणालाही विकत नाहीत. विकलं जातं ते शेवटचं संकरित पिल्लू. ज्यांना या धंद्याचं मर्म ठाऊक आहे ते आपला मूळ वंश प्राणापलीकडे जपतात. मग नवापूरच्या बाईलाच तिचा मूळ वंश सोडून द्यायला का सांगावं?

त्या कंपन्यांच्या वंशातही आपलं देणं आहे. आजच्या ब्रॉयलरच्या रुंद छातीमागे कॉर्निश ही जात आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये एकोणिसाव्या शतकात ती घडवली गेली तेव्हा तिच्यात भारतातल्या असीलचं रक्त घातलं गेलं, म्हणून त्या काळी तिचं नावच ‘इंडियन गेम’ होतं. आपल्याकडच्या बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने परसासाठी ‘निर्भीक’ तयार केला तो असीलच्या संकरातून, आणि ‘श्यामा’ तयार केली ती कडकनाथच्या संकरातून. म्हणजे उद्या सुधारित पक्षी हवा असेल तरी त्यासाठी न सुधारलेला शुद्ध देशी वंश कुठेतरी शिल्लक असावाच लागतो. चटक्याच्या उन्हात तग धरणं, घारीची सावली पडताच पिल्लांसह झुडपात शिरणं, विकतच्या खाद्याशिवाय जगणं हे गुण एकदा पातळ झाले की कुठल्या संकरातून परत आणणार?

दुसरा आक्षेप खुडूकपणाचा. खुडूक होणं हा देशी जातीचा दोष आहे, असं शिकवलं जातं. माझ्या मते तो तिचा सर्वांत मोठा गुण आहे. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांना हवी तेवढीच ऊब देते, दिवसातून कितीतरी वेळा अंडी उलटवते आणि दिवसातून एकदाच थोडा वेळ दाणापाण्यासाठी उठते. पिल्लं निघाली की पंखाखाली घेऊन दीड-दोन महिने हिंडवते, टिपायला शिकवते, घारीवर धावून जाते. हेच काम यंत्राने करायचं तर 37.5 अंश तापमान सतत राखावं लागतं, आर्द्रता सुरुवातीला पन्नास-पंचावन्न टक्के आणि शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर टक्के ठेवावी लागते, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवावी लागतात आणि पुढे पिल्लांना बल्बची ऊब द्यावी लागते. जिथे वीज रात्री सात-आठ तास गायब असते तिथे हा सगळा खर्च एका भारनियमनात बुडतो.

उबवणी यंत्राला माझा विरोध नाही. चांगल्या वंशाची अंडी जमली आहेत आणि खुडूक कोंबडी नाही, अशा वेळी छोटं यंत्र फार उपयोगाचं. पण सगळी पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या यंत्रातूनच काढली तर नीट बसणारी कोंबडी आणि अंडी सोडून उठणारी कोंबडी यांच्यात फरकच उरत नाही. दोघींची पिल्लं सारखीच वाढतात आणि बसण्याचा गुण हळूहळू वंशातून निसटतो. म्हणून पुढच्या वर्षी ज्या तलंगा ठेवायच्या त्या, जमेल तितक्या, चांगल्या बसणाऱ्या आयांच्या असाव्यात.

घरच्या उबवणीत अपयश येतं ते बहुतेक वेळा साध्या चुकांमुळे, आणि त्या शिकवण्यासारख्या आहेत. उबवायची अंडी सात दिवसांहून जुनी नसावीत. ती धुवू नयेत, कारण कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. निमुळतं टोक खाली करून गार जागी, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ती ठेवावीत. उन्हाळ्यात घरातल्या उकाड्यात अंडी पडून राहिली तर कोंबडी बसण्याआधीच गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. पुष्कळ घरं मग ‘यंदा कोंबडा वाईट’ म्हणून मोकळी होतात. किलोभर वजनाच्या कोंबडीखाली दहा-बारा अंडीच मावतात, हावरेपणाने अठरा ठेवली तर कडेची गारठतात. सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर अंडं धरून पाहावं, म्हणजे शिरा न दिसणारी वांझ अंडी काढून टाकता येतात. कोंबडी खुडूक होऊ देऊ नका हे सांगण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्याच वेळात हे सगळं शिकवून होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : घरात राखलेला वंश जवळच्या रक्तसंबंधाने खचतो. एकट्या घरापुरतं हे खरं आहे, आणि गणितानेही सिद्ध होतं. नरांची आणि माद्यांची संख्या गुणून त्याची चौपट करावी आणि दोघांच्या बेरजेने भागावं, म्हणजे कळपाची प्रभावी संख्या मिळते. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर चाळीसला अकराने भागायचं, उत्तर साडेतीनच्या जरा वर. म्हणजे दिसायला अकरा पक्षी असले तरी वंशाच्या दृष्टीने चारसुद्धा नाहीत. अशा कळपात रक्तसंबंध दर पिढीला सुमारे चौदा टक्क्यांनी वाढतो. अंडी वांझ निघणं, पिल्लं कवचातच मरणं, वाढ खुंटणं हे त्याचे परिणाम.

पण हे गणित इथेच थांबवणं अन्यायाचं आहे. पाड्यावरची पंधरा घरं घ्या. प्रत्येक घरी एक कोंबडा आणि आठ कोंबड्या, सगळे एकाच जातीचे. पंधरा नर आणि एकशेवीस माद्या. तेच सूत्र लावलं तर उत्तर येतं त्रेपन्न. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनात जात टिकवण्यासाठी किमान म्हणून सांगितलेली प्रभावी संख्या पन्नास आहे, म्हणजे दर पिढीला रक्तसंबंधाची वाढ एक टक्क्याच्या आत. जे काम एकट्या घराला अशक्य आहे ते पंधरा घरांच्या एका पाड्याला सहज शक्य आहे.

त्यासाठी एक शिस्त मात्र हवी. प्रत्येक घराने आपल्या तलंगा आपल्याकडेच ठेवायच्या, आणि पैदाशीचा तरुण कोंबडा दर वर्षी पुढच्या घराला द्यायचा. पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, पंधराव्याचा पहिल्याकडे, आणि दिशा कधीही बदलायची नाही. त्यामुळे बाप-लेक आणि भाऊ-बहीण एकत्र येत नाहीत. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं वीर्य दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून नर बदलल्यावर तीन आठवडे थांबून मगच उबवायची अंडी साठवायची. प्रत्येक घरातून पुढच्या पिढीसाठी साधारण सारखीच पिल्लं ठेवायची. पायात रंगीत कडी आणि घरात एक वही, एवढ्यावर हे भागतं. बचत गटाचा महिन्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायांना ही वही जड जाणार नाही.

शुद्धतेचा आग्रह काही जणांना हटवादी वाटतो. पक्षी जगला, विकला गेला, मग तो कुठल्या वंशाचा याने काय फरक पडतो, असं ते विचारतात. फरक काय पडतो हे कडकनाथने दाखवून दिलं. झाबुआच्या भिल्ल-भिलाला घरांनी सांभाळलेल्या या जातीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्याभोवती मोठी हवा तयार झाली. पाठोपाठ 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातून कडकनाथच्या कंत्राटी पालनाचा घोटाळा उघडकीला आला. चढ्या भावाने परत खरेदीच्या हमीवर पैसे गुंतवलेल्या राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे हात पोळले. मागणी वाढली की नकली माल येतोच. काळेपणाचा गुण इतका जोरकस आहे की पहिल्या पिढीतला संकरही काळपट दिसू शकतो. अशा संकराची पिल्लं शुद्ध म्हणून विकली तर फसवणूक कळते ती पुढच्या पिढीत, गुण विखुरल्यावर. ज्याच्याकडे तीन-चार पिढ्यांची वही आहे आणि ज्याची पिल्लं दर वर्षी आईबापांसारखी निघतात, त्याच्या शब्दाला या बाजारात किंमत येते.

चौथा आक्षेप रोगांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नोंदला गेला तो नवापुरातच, लेअर कोंबड्यांच्या मोठ्या फार्मवर. त्यानंतर महिन्याभरात जळगाव जिल्ह्यात घरगुती कोंबड्यांतही तो सापडला. 2021 मध्ये नवापूरला पुन्हा तेच भोगावं लागलं. परसातले पक्षी निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. उद्रेक झाला तर पक्षी लपवू नयेत, नष्ट करायला विरोध करू नये, कारण प्रश्न माणसाच्या जिवाचा असतो. पण या घटनेकडे जातीच्या नजरेने पाहा. 2006 मध्ये फार्मवरच्या लाखो पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. फार्मवर पुन्हा पिल्लं आली, कारण त्यांचे मूळ वंश दूर कुठेतरी सुरक्षित होते. परसातल्या बुसऱ्याचा असा दुसरा साठा कुणी ठेवला होता? भरपाई पक्ष्याच्या नगावर मिळते, गेलेल्या वंशाची भरपाई नसते.

यातून धडा निघतो तो घरची पैदास थांबवण्याचा नाही, ती एकमेकांपासून दूर अशा अनेक ठिकाणी पसरवण्याचा. शुद्ध जात एखाद्या सरकारी प्रक्षेत्रावर आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनाही हेच लागू आहे. एका आवारातला कळप एका साथीत संपू शकतो. नेहमीचा शत्रू तर बर्ड फ्लू नव्हेच, तो मानमोडी आहे, म्हणजेच राणीखेत. त्यावर स्वस्त आणि खात्रीची लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी. अडचण एवढीच की कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि विरघळवल्यावर ती काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ते परवडत नाही. पंधरा घरांनी एकाच दिवशी एकत्र लस टोचली तर कुपी वाया जात नाही. वंशासाठी हवी ती पंधरा घरांची एकी आणि लसीसाठी हवी ती एकी एकच आहे.

2019 च्या पशुगणनेत देशातले सुमारे 85 कोटी कुक्कुट पक्षी मोजले गेले, त्यांतले जवळजवळ 32 कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातली ही संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे लोकांनी परस सोडलेलं नाही. त्या परसात कुठला वंश वाढणार, एवढाच प्रश्न आहे, आणि तो धोरणाचा प्रश्न आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. ज्या तालुक्यांत नोंदलेली देशी जात आहे तिथे संकरित पिल्लांचं अनुदानावरचं वाटप थांबवावं आणि तेच पैसे त्या जातीचा शुद्ध कळप राखणाऱ्या घरांना द्यावेत. राज्याच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांनी अशा घरांकडून नोंदीची अंडी चांगल्या भावाने घ्यावीत, त्यांची पिल्लं काढावीत आणि ती त्याच जातीच्या इतर पाड्यांना पुरवावीत. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी लसीकरणाचा दिवस पाड्यानुसार ठरवावा. कोंबडा फिरवण्याची पद्धत आणि अंडी निवडण्याचे नियम परसातील कुक्कुटपालनाच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवं खातं. आणि ज्यांना शहराच्या कडेला हौसेने शुद्ध जात राखायची आहे त्यांनी एकच जात निवडावी, दुसऱ्या जातीचा कोंबडा आवारात येऊ देऊ नये आणि त्याच जातीच्या इतर पाळणाऱ्यांशी नर बदलत राहावेत.

शास्त्रज्ञांची गरज मी नाकारत नाही. जातीचं वर्णन, आनुवंशिक तपासणी, लस हे त्यांचंच काम. पण बुसरा जगते ती वाळवी टिपत, ऊन सोसत, घारीशी झुंजत, आणि तिचे गुण टिकतात ते तशाच जगण्यात. तसं जगणं फक्त घराच्या परसात आहे. ज्या बायांनी ही जात घडवली त्यांना मागास ठरवून त्यांच्या हातून ती काढून घेणं म्हणजे एका चांगल्या पैदासकाराला त्याच्या कामावरून हटवणं. त्यांना वही द्या, लस द्या, रास्त भाव द्या, आणि खुडूक कोंबडी बसू द्या. नवापूरची पंधरा घरं एकत्र आली तर हे काम त्यांच्यापेक्षा चांगलं करणारी कुठलीही संस्था या राज्यात नाही.